माळ गळ्यात, चंची खिशात आणि भीती सुईची

निपाणीजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र. नावगाव गाळलंय, थोडं कापलंय, शब्द त्यांचेच:

"डॉक्टर, नमस्कार. आमच्या मालकांचं वय ५८. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, आता थोडं शेत बघतात. शुगर होऊन ११ वर्षं झाली. तीन गोळ्या चालू आहेत, खरं तीन महिन्यांची शुगर १०.२ आली. बी.पी. १५०/९४, एल.डी.एल. १३८. वर्षात सहा किलो वजन उतरलं, रात्री चार-चार वेळा उठतात. डॉक्टरनी इन्शुलिन लिहून दिलं, सकाळी १४, रात्री ८. बाटली फ्रिजात येऊन तीन आठवडे झाले, अजून टोचलेलं नाही.

"गेल्या दिवाळीत आमच्या भावकीतले एक गेले. इन्शुलिन सुरू करून वर्ष पण झालं नव्हतं. आदल्या रात्री पित्त झालंय म्हणून गोळी सोडा पिऊन झोपले, पहाटे दरदरून घाम आला आणि संपलं. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात बसलंय की इन्शुलिननं शिरा जाड होतात. भाच्यानं मोबाईलवर आलेलं वाचून दाखवलं की रक्तात इन्शुलिन वाढलं की हृदयाच्या शिरा खराब होतात. त्यात हे माळकरी. इन्शुलिन डुकराचं असतं असं कुणीतरी कानात घातलंय. आणि वर म्हणतात, मी वाळकुडा माणूस, मला कसला हार्ट ॲटॅक. शिरा राखायला इन्शुलिन देतात म्हणतात आणि त्यानंच शिरा जातात म्हणतात, मग डॉक्टर येडे की आम्ही? सांगा की.

"मी बरी आहे, मला शुगर नाही. पूर्वी विड्या वळत होते, आता सोडलंय. मिश्री तेवढी आहे.

"ता. क. मे महिन्यात पुतणीचं लग्न बेळगावात आहे. जेवणात मांडे असणार. ह्यांना फार आवडतात. चालतील का?"

ताई, येडं कुणीच नाही. इन्शुलिन टोचल्यानं शिरा जाड होत नाहीत. बाटली फ्रिजातून काढायची आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवून याच आठवड्यात सुरू करायची, हे माझं उत्तर आधी सांगून टाकतो. आता कारण. कारण नीट कळल्याशिवाय दाजी ऐकणार नाहीत, आणि भाच्याचा मोबाईल पूर्ण खोटं बोलत नाहीये. अर्धं खरं असलेलं माणसाच्या डोक्यात जास्त घट्ट बसतं.

दाजींनी जन्मभर वखार बघितली, तर वखारीचंच घेऊ. आपण जेवलो की रक्तात साखर येते. ही म्हणजे दारात येऊन लागलेली मालाची गाडी. हमाल कोण, तर आपले स्नायू आणि यकृत. आणि इन्शुलिन म्हणजे मुकादम. "उचला रे" असं तो ओरडतो, हमाल पोती उचलून आत रचतात, गाडी रिकामी होते. पोटावर चरबी चढली, बसणं वाढलं, तंबाखू रक्तात भिनली की हमालांना ऐकू कमी यायला लागतं. मग वखारीचा मालक, म्हणजे पोटातलं स्वादुपिंड, दुसरा मुकादम पाठवतो, तिसरा पाठवतो. अंगणात चार-चार मुकादम ओरडतायत आणि माल तसाच. भाच्यानं वाचलं ते या अवस्थेबद्दल. रक्तात इन्शुलिन वाढलेलं आहे आणि त्याच माणसांना पुढं हृदयविकार जास्त होतो, हे खरंच आहे. १९८८ साली अमेरिकेतल्या डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी हे सगळं एका माळेत ओवून दाखवलं: शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, बी.पी. वाढतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, आणि ही मंडळी एकमेकांचा हात धरून येतात. पण रोग मुकादमाच्या ओरडण्यात नाही, हमालांच्या बहिरेपणात आहे.

आणि दाजींची वखार ती राहिलेलीच नाही. ११ वर्षं ओरडून ओरडून मुकादम थकले, एकेक करून निघून गेले. तीन गोळ्या असूनही १०.२, वजन उतरणं, रात्री चार वेळा उठणं, याचा अर्थ बहुतेक हाच की आता हाक मारायलाच कुणी नाही, माल पावसात पडलाय. जिथं मुकादमच उरला नाही तिथं "मुकादम जास्त झाले की नुकसान होतं" हे मोबाईलवर वाचून काय करायचं? डॉक्टरांनी बाहेरून मुकादम पाठवलाय. तो तीन आठवडे तुमच्या फ्रिजात बसून आहे.

आता शिरांचं. पुस्तकात धमन्या (त्यांनाच रोहिणी म्हणतात) आणि नीला असे भेद आहेत. आपण सगळ्यांनाच शिरा म्हणतो, मीही म्हणतो. शिर म्हणजे नुसती नळी नव्हे. तिला आतून एक पातळ अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. सारवलेल्या जमिनीसारखं समजा. सारवण गुळगुळीत असेल तर धूळ बसत नाही, झाडू फिरवला की निघते. पोपडे धरले की त्याच फटीत सगळा केर जाऊन बसतो. शिरेच्या अस्तराला भेगा पडल्या की रक्तातलं एल.डी.एल., म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तिथं शिरतं, आत कुजतं, सूज येते, खडा धरतो. एक दिवस तो खडा फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते, वाट बंद. त्याला आपण ॲटॅक म्हणतो. वाट बंद व्हायला काही मिनिटं लागतात, पोपडे धरायला वीस वर्षं.

हे अस्तर स्वतः एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड. काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात शिरेच्या भिंतीला "सैल हो" म्हणून सांगून जातो. या शोधाला १९९८ सालचं नोबेल मिळालं. आणि हा वायू बनवण्याचा हुकूम देणाऱ्यांत एक कोण, तर आपलं इन्शुलिन! म्हणजे निरोगी माणसात इन्शुलिन शिरा रुंद करतं, स्नायूंकडं रक्त जास्त सोडतं. ते अस्तराला दुसराही एक हुकूम देतं, शिर आवळण्याचा. एरवी दोन्हींचा तोल असतो. बहिरेपणा आला की गंमत अशी होते की "सैल हो" हा हुकूम ऐकू येत नाही आणि "आवळ" हा मात्र येतो. भाच्याचा निरोप इथंच फसवतो. औषध वाईट नाही, ऐकणारे कान बिघडलेले आहेत. भरीला वाढलेली साखर ज्याला त्याला चिकटत जाते. तीन महिन्यांची शुगर म्हणून तुम्ही जी तपासता ती रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर असते. ती हिमोग्लोबिनला चिकटते तशी शिरांच्या अस्तरालाही चिकटते, आणि ते तपासायची सोपी सोय नाही.

मग भावकीतले कशानं गेले? मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळं बेतानंच बोलतो. पण आपल्याकडं इन्शुलिन केव्हा सुरू होतं ते बघा. दहा-बारा वर्षं शुगर अंगावर काढून, गोळ्या हरल्यावर, सगळ्यात शेवटी. तोवर शिरांचे पोपडे धरून झालेले असतात. माणूस खाटेला लागला की घरी पाव्हणे यायला लागतात. तो गेला तर पाव्हण्यांमुळं गेला म्हणायचं का?

हा संशय डॉक्टरांनाही होता बरं का. म्हणून ४० देशांतल्या साडेबारा हजार लोकांवर सहा वर्षांहून जास्त काळ एक चाचणी झाली, तिचं नाव ओरिजिन, निकाल २०१२ साली आला. निम्म्यांना दिवसातून एकदा इन्शुलिन, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सगळे शुगरवाले किंवा शुगरच्या उंबरठ्यावरचे, आणि हृदयविकाराचा धोका असलेले. ॲटॅक, लकवा, मृत्यू दोन्हीकडं सारखेच. इन्शुलिननं हृदय बिघडलं नाही. खोटं कशाला बोलू, त्यानं हृदय वाचवलं असंही दिसलं नाही. इन्शुलिनवाल्यांचं वजन थोडं वाढलं, दीडेक किलो, आणि शुगर एकदम उतरण्याचे प्रसंग जास्त आले. त्या आधी २००८ साली आणखी एक चाचणी मुदतीआधी आवरावी लागली, कारण तीन महिन्यांची शुगर ६ च्या खाली ओढायच्या नादात मृत्यू वाढले. म्हणून दाजींना ६ करून दाखवायचं नाहीये. ७ च्या आसपास, सावकाश, डॉक्टर ठरवतील तितकं पुरे. साखर ताब्यात राहिली तर डोळे, किडनी, पायाच्या नसा वाचतात, आणि वर्षानुवर्षं राहिली तर हृदयालाही फायदा होतो असं इंग्लंडमधल्या लांब पल्ल्याच्या अभ्यासात दिसलं.

हृदय राखायचं असेल तर मात्र सुईपेक्षा बाकीच्या गोष्टींना जास्त भाव द्यावा लागेल. तुमच्या पत्रात मला खरी धास्ती १०.२ ची नाही वाटली. १५०/९४, १३८ आणि वखार, या तिघांची वाटली.

बी.पी. १३०/८० च्या खाली हवं. एल.डी.एल. या वयात, शुगर आणि तंबाखू दोन्ही असताना, ७० च्या खाली. १३८ म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यासाठी स्टॅटिनची गोळी असते. तुमच्या गोळ्यांच्या यादीत ती आहे का ते बघा, नसेल तर विचारा. "तिनं लिव्हर जातं" असं कट्ट्यावर कुणी सांगेल, त्याला म्हणावं तू डॉक्टर कधी झालास.

आणखी एक गोष्ट मुद्दाम विचारा. गेल्या दहा-बारा वर्षांत शुगरच्या अशा गोळ्या आल्यात की ज्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि हृदय, किडनी दोघांनाही राखतात. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन ही नावं चिठ्ठीवर लिहून न्या. आता त्या पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्तही मिळतात. सगळ्यांना चालत नाहीत, दाजींना चालतील की नाही हे तपासणारा डॉक्टरच सांगेल. पण विचारलं नाही तर कधी कधी राहून जातं, ओपीडीत मागं शंभर माणसं उभी असतात.

"मी वाळकुडा" हे दाजींचं वाक्य मी रोज ऐकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता, शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र गोऱ्या डॉक्टरांची ९ टक्के, आपल्या पुणेकरांची २१! हात-पाय काटकुळे आणि चरबी सगळी पोटात, आतड्यांभोवती, यकृतावर. हा आपला घराण्याचा साचा आहे. हीच चरबी हमालांना बहिरं करते. टेप घ्या. पँटचा नंबर सांगू नका, पुरुष पट्टा पोटाखाली बांधतात आणि ३४ सांगतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप सैलसर धरून मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. म्हणजे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. दाजींचं वजन सहा किलो उतरलंय, तरी मोजा. वजन गेलं ते बहुतेक मांडीचं गेलं असणार, पोट तसंच असेल.

आता चंची. ताई, तुम्ही पत्रात बी.पी. लिहिलंत, एल.डी.एल. लिहिलंत, तंबाखू खातात का हे लिहिलंच नाही. निपाणीच्या वखारीतला दिवाणजी, वर विचारताय मला! लिहिलं नाही म्हणजे मी खातात असंच धरून चाललोय. चुकत असेन तर दाजींची माफी मागतो. आपल्याकडं तंबाखूला व्यसन म्हणतच नाहीत, पीक म्हणतात. या पिकानं घरं उभी केली, पोरांची शिक्षणं झाली, विड्या वळून बायकांनी संसार ओढले, आणि १९८१ साली भावासाठी याच तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी रस्ता धरला होता. मी तंबाखूला शिव्या घालायला बसलेलो नाही. पण चुना लावून गालात धरलेली चिमूट काय करते ते ऐका. निकोटिन गालाच्या कातडीतून सरळ रक्तात जातं. नाडी वाढते, बी.पी. चढतं, शिरा आवळतात. मग अस्तराचं सैल होणं कमी होतं, आणि इन्शुलिनचं ऐकणंही कमी होतं. तंबाखू दिवसभर गालात आणि संध्याकाळी बी.पी. ची गोळी म्हणजे एका हातानं बैल हाकायचे आणि दुसऱ्या हातानं वेसण ओढायची.

५२ देशांत मिळून हृदयविकाराचा एक मोठा अभ्यास झाला, २००४ साली निकाल आला. जगभरातल्या पहिल्या ॲटॅकचा नव्वद टक्क्यांहून जास्त धोका नऊ गोष्टींत सापडला: तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बी.पी., शुगर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, हालचाल नसणं, आणि दारूचा हिशोब. इन्शुलिनची सुई त्या यादीत नाही. आपल्या भागातल्या देशांत पहिला ॲटॅक बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो हेही त्यातच दिसलं. नुसती चघळायची तंबाखू, विडी न ओढता, तिच्यानंही धोका साधारण दुप्पट झालेला दिसला. म्हणजे "ओढत नाही, खातो फक्त" ही सोडवणूक नाही.

माळकरी माणसाला एक हळूच विचारतो. दाजी, माळ घातल्यावर मटण सुटलं, दारू सुटली. मग ही चंची कुठल्या अभंगात बसवलीत?

एकदम सुटत नसेल तर तारीख धरून कमी करा, निकोटिनची गोळी मिळते ती डॉक्टरांना विचारा. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल. त्या दिवसांत तुम्ही भांडू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आणि ताई, तुमचं. "मिश्री तेवढी आहे." हे तेवढी म्हणजे केवढी? सकाळी उठल्या उठल्या, दुपारी भांडी घासल्यावर, रात्री झोपताना? मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. हिरडीला लावली काय आणि गालात धरली काय, निकोटिनला वाट माहीत आहे. त्यात तुम्ही वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्यात, ती धूळ वेगळीच. "मला शुगर नाही" हे तपासून म्हणताय की काही होत नाही म्हणून? पाळी गेल्यावर बाईचं हृदय पुरुषाइतकंच उघड्यावर येतं, आणि आपल्या घरात बाईची तपासणी सगळ्यांची झाल्यावर होते. दाजींना घेऊन जाल त्या दिवशी तुमचंही बी.पी., उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल बघून घ्या. फेरी एकच आहे.

आता सुई. डुकराचं काय, ते आधी. पूर्वी इन्शुलिन डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं. माझ्या आईला तेच मिळायचं. काचेची सिरिंज रोज सकाळी पातेल्यात उकळायची, चुलीवर तिचा खुळखुळ आवाज यायचा आणि आम्ही पोरं घराबाहेर पळायचो. १९८२ पासून माणसाच्या इन्शुलिनसारखंच इन्शुलिन जिवाणू आणि यीस्टकडून बनवून घेतात. आज दुकानात मिळतं ते हेच. माळेला बाध नाही. आणि सुई आता केसाएवढी असते, मुंगी चावल्यापेक्षा कमी दुखतं.

तुमची बाटली बहुतेक ४० ची आहे. बाटलीवर बघा, एका मिलिलिटरला ४० युनिट असं छापलेलं असतं. तिला लाल टोपणाची, ४० खुणांचीच सिरिंज हवी. दुकानातून चुकून १०० ची सिरिंज आली आणि १४ च्या खुणेपर्यंत भरली तर पोटात जातात साडेपाच युनिट, मग "इन्शुलिननं काही फरक पडला नाही" म्हणायचं. उलट चूक जिवावरची: पेनाच्या नळीत १०० चं औषध असतं, त्यातून लाल टोपणाच्या सिरिंजनं १४ ओढलं तर अडीच पट, ३५ युनिट गेले. घरात जो टोचणार त्याला हे एकदा नीट दाखवून ठेवा.

औषध दुधाळ असेल तर हलवायचं नाही, दोन्ही तळव्यांत बाटली वीसेक वेळा हळू घोळायची, शेवया वळतात तशी. बेंबीच्या आसपास दोन बोटं सोडून, रोज जागा बदलून. एकाच जागी टोचलं की तिथं गाठ धरते आणि औषध नीट लागत नाही. फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. लाइट गेली तर घाबरू नका, उघडलेली बाटली सावलीत, गार जागेत साधारण चार आठवडे राहते. चुलीजवळ आणि गाडीच्या डिकीत नको.

शुगर उतरली तर हात कापतात, भूक लागते, घाम येतो, माणूस उगाच चिडतो. मशीनवर ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा. मशीन नसेल किंवा हाताशी नसेल तर आधी साखर द्या, मग शोधा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

आणि तो घाम. इथं जरा थांबून वाचा, कारण भावकीतल्यांना पहाटे हाच आला होता. शुगर जुनी झाली की नसा बोथट होतात, त्यामुळं छातीत कळ येतेच असं नाही. नुसता गार घाम, जीव घाबरा, दम, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा, नाहीतर पोटाच्या वर पित्तासारखं. घाम आला की साखर तपासा. कमी असेल तर साखर द्या. साखर ठीक आहे आणि घाम तसाच आहे, किंवा साखर देऊनही घाम थांबत नाही, तर ते पित्त नाही. सोडा बाजूला ठेवायचा आणि १०८ ला फोन लावायचा. कोल्हापूरला न्यायचं की बेळगावला हा वाद आपल्याकडं अशा वेळी अर्धा तास चालतो, सगळे पाव्हणे आपापल्या ओळखीचा डॉक्टर सांगतात. पहिला ई.सी.जी. निपाणीतच काढा. कन्नड नट पुनीत राजकुमार ॲटॅकनं गेले ४६ व्या वर्षी, त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं हृदयज्योती योजना काढली, त्यात सरकारी तालुका दवाखान्यांत ई.सी.जी. बघून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मोफत देतात. तुमच्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात ही सोय आहे ते आजच चौकशी करून फोनजवळ लिहून ठेवा. ते इंजेक्शन पहिल्या तासात जितकं चालतं तितकं सहाव्या तासात चालत नाही.

दोन तपासण्या बाकी राहिल्यात असं पत्रावरून दिसतं. लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि डोळ्याचा पडदा. अंगातल्या शिरा न कापता डोळ्यांनी बघता येतात अशी सोयीची जागा म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा. तिथं शिरा झिरपताना दिसल्या तर हृदयाच्या शिरांचं काय चाललं असेल याचा अंदाज येतो. लघवीचंही तसंच.

खाण्याचं लांबवत नाही. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकरी म्हणजे चार भाकरीच. गूळ आणि काकवी ही साखरच आहे, गुऱ्हाळ आपल्या शेतात असलं तरी. मीठ दिवसाला एक लहान चमचा, त्यात लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं. रोज अर्धा तास भराभर चालणं. शेतात बांधावर उभं राहून गड्याला सांगणं म्हणजे चालणं नव्हे.

आता मांडे. तुमचं खरं पत्र हे ता. क. च आहे असं मला वाटतं, बाकीचं त्यासाठीच लिहिलंत.

खाऊ देत, अर्धा. त्या पंगतीत भात आणि दुसरं गोड नाही, आधी भाजी आणि कोशिंबीर, मग मांडा. पण अडचण मांड्याची नाहीच, पंगतीची आहे. सकाळी १४ युनिट टोचलेलं जे दुधाळ औषध असतं, त्याचा मोठा भाग दुपारी जोर धरतो. मुहूर्त साडेबाराचा, अक्षता एकला, फोटो दीडला, आणि व्याहीमंडळींची पंगत आधी बसणार म्हणून तुमची अडीचला. दाजी मांड्याची वाट बघत मंडपात बसतील आणि दोन वाजता साखर ५० वर येईल. म्हणून घरून भाकरी-भाजीचा डबा घ्या, साडेबाराला अर्धी भाकरी मंडपाच्या मागं बसून खाऊ द्या, लाजायचं काही नाही. खिशात साखरेची पुडी हवी. खडीसाखर नको, ती विरघळेपर्यंत वेळ जातो.

उरलेला अर्धा मांडा तुमच्या पानात येईल. तुमची कंबर मोजून झाल्यावर मला कळवा, मग त्याचं सांगतो.